अर्ध्या हवेची गादी

मी लाटांवर पालथं पडून घसरायच्या गाद्या बनवते. आमच्या सिरसाळ्यात लाट येत नाही. आडत बाजारात तूर येते, कापूस येतो, त्यांच्यामागे दलाल येतात, पण लाट आलेली कुणी पाहिलेली नाही. एवढ्या सरळपणे हे मी लिहूनच सांगू शकते. तोंडाने सांगायची वेळ आली की मी "गाद्या बनवते" एवढंच म्हणते आणि खिडकीबाहेर बघते.

त्याचे परिणामही भोगलेत. परळीहून येताना एसटीत शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय करतीस गं?" मी म्हटलं, गाद्या. मावशी खूश झाल्या. लेकीचं लग्न ठरलं होतं. "कापूस आमच्या घरचाच हाय, चालंल का?" मला नाही म्हणता आलं नाही. मी मान हलवली. त्या काय समजल्या ते मला पुढच्या आठवड्यात कळलं, जेव्हा त्या कापसाचं पोतं रिक्षातून उतरवून आमच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पोतं मुकाट्याने उचललं, गल्लीच्या टोकाच्या गादीवाल्याकडे नेऊन दिलं आणि परत येऊन मला एवढंच म्हणाले, "बाई, एक वाक्य जास्त बोलत जा."

बोलण्याचं असं आहे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मराठी बोललं की बाई उभं करायच्या आणि घरी इंग्रजी बोललं की आई जेवणावरून उठवायची. त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प बसायला शिकले. गप्प बसणाऱ्याला दिसतं बरंच. माझं काम त्या दिसण्यावरच चालतं.

आता धंद्याबद्दल. आमचं दुकान ताडपत्रीचं आणि शेततळ्याच्या कागदाचं. शेततळं म्हणजे शेतात खणलेला मोठा चौकोनी खड्डा. त्यात पाणी मुरू नये म्हणून आतून जाड प्लास्टिक अंथरतात, त्याला आमच्याकडे कागद म्हणतात. कागदाचे पट्टे एकमेकांवर ठेवून गरम हवेच्या यंत्राने जोडायचे. जोड जरा जरी कच्चा राहिला तरी पाणी तिथूनच वाट काढतं. अण्णांचे जोड गळत नाहीत. ते दुसऱ्या कशाचाच अभिमान बाळगत नाहीत, त्यामुळे याचा जरा जास्त बाळगतात.

कॉलेजला पुण्याला होते तेव्हा वसतिगृहात माझी खोलीमैत्रीण रत्नागिरीकडची होती. सुट्टीत ती आमच्याकडे आली ती एक फाटकं निळं कापड घेऊन. कुणा नातेवाईकाने परदेशातून आणलेली गादी होती ती. समुद्रात घेऊन जायची, तिच्यावर छातीवर आडवं व्हायचं, लाट आली की लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरायचं. फळीवर उभं राहून लाटेवर चालणारे लोक आपण टीव्हीवर बघतो, ही त्या फळीची आळशी बहीण. तिचा एक जोड सुटला होता. अण्णांनी तो बघितला, वास घेतला, यंत्र गरम केलं आणि चहा यायच्या आत जोडून दिला. "एवढंच?" म्हणाले. मैत्रिणीने त्यांच्या पायाला हात लावला. मी मात्र गादी पालथी-उताणी करून बघत राहिले. मला ती सोडवेना.

रचना साधी आहे. पातळ, मजबूत नायलॉनचं कापड, एका बाजूने प्लास्टिकचा मुलामा दिलेलं. वरचा एक तुकडा, खालचा एक, आणि मध्ये लांबीने जाणाऱ्या पट्ट्या. पट्ट्यांमुळे आत चार नळ्या तयार होतात, नाहीतर हवा भरल्यावर तिचा भोपळा होईल. सगळं उष्णतेने जोडायचं, सुई कुठेही लावायची नाही. एका कोपऱ्याला झडप. हवा तोंडाने भरायची. आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे. हवा पूर्ण भरायची नाही. अर्धीच भरायची. गादी मध्ये दुमडली तर वरचं टोक खालच्या टोकाला लागलं पाहिजे, इतकी ती ढिली हवी. मग ती लाटेच्या अंगाप्रमाणे वाकते. डावा कोपरा मुठीत दाबला की हवा उजवीकडे पळते आणि गादी वळते. सुकाणू, ब्रेक, सगळं त्या मऊपणात. टम्म फुगवली तर ती पाण्यावरून नुसती उडते.

हे मी आजवर अनेकांना समजावलं. सलीमचाचांना समजावता आलं नाही.

सलीमचाचांचं पंक्चरचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. अण्णा आणि ते लहानपणापासूनचे दोस्त, एकमेकांना 'बे' शिवाय बोलत नाहीत. झडप कशी बसवायची हे मला चाचांनीच शिकवलं. माझ्या पहिल्या गादीची झडप एका बाजूने उचलायची, त्यांनी ट्यूबच्या झडपेखाली लावतात तशी गोल चकती लावून दिली आणि ती तशीच आजपर्यंत चाललीय. पण हवेच्या बाबतीत ते ऐकून घेत नाहीत. त्यांच्या हातून कधी कमी हवेचं चाक गेलेलं नाही. सायकल असो, ट्रॅक्टर असो, माणूस पंक्चर काढून निघाला की चाचा मागून येऊन अंगठ्याने टायर दाबणार. "माझ्या दुकानातून ढिलं चाक गेलं, तर पुढच्या फाट्यावरचा हसंल ना बेटा." ही त्यांची इज्जत होती. आणि त्यांच्या दुकानाला लागून मी दिवसभर ढिल्या वस्तू बनवत होते.

"हवा कमी हाय," ते ओट्यावरून म्हणायचे.

"चाचा, एवढीच लागते."

"कावून?"

मी सांगायचे. ते ऐकायचे, मान डोलवायचे. मी जेवायला घरी गेले की कॉम्प्रेसरची नळी खिडकीतून आत यायची.

एकदा नळी जरा जास्त वेळ राहिली. मी ताटावर होते, आवाज घरापर्यंत आला. धावत गेले तर रस्त्यावर सगळे उभे. समोरच्या पानवाल्याच्या अंगावर चुना सांडलेला, बाजाराला आणलेली एक म्हैस दावं तोडून स्टँडच्या दिशेने गेलेली, तिच्यामागे तिचा मालक आणि मालकामागे गिऱ्हाईक. चाचा हातात निळ्या चिंध्या घेऊन उभे होते.

"माल कच्चा हाय," ते गंभीरपणे म्हणाले.

"माल पक्का आहे, चाचा. हवा जास्त झाली."

"हवा जास्त आसतीय का कुटं? तुमी लोक शिकता काय शाळेत?"

म्हैस सापडली. पण तेव्हापासून बाजारात मला 'फटाकेवाल्या अण्णाची पोरगी' म्हणायला लागले.

गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक जवळची, ज्यांना समुद्र नको होता. वडवणीहून एक जण म्हाताऱ्या वडिलांच्या पाठीसाठी गादी घेऊन गेले. मी म्हटलं, ही झोपायची नाही. ते म्हणाले, तुमाला काय करायचंय, आमी झोपू. चार दिवसांनी परत आले. "म्हातारा म्हणतो, चालत्या एसटीत निजल्यावानी वाटतंय." मी आत कापड आणायला गेले तेवढ्यात चाचांनी गादी टम्म भरून दिली. म्हातारबाबा त्याच दिवशी तिच्यावरून घसरून खाली. लागलं काही नाही, पण ते आता सतरंजीवर झोपतात आणि आमच्या दुकानाचं नाव काढलं की बाजेचा खूर घट्ट धरतात म्हणे. दुसरे एका गणेश मंडळाचे. त्यांना विसर्जनाला मूर्ती गादीवर बसवून तळ्यात सोडायची होती. मी वजन विचारलं. "ताई, गणपतीचं वजन इचारत आसत्यात का?" मी वही मिटली. गणपती त्या वर्षीही ट्रॅक्टरनेच गेला.

दुसरी गिऱ्हाइकं लांबची, किनाऱ्यावरची, आणि ती मला फार आवडतात कारण ती फोनवर लिहून बोलतात. पुद्दुचेरीचे एक गृहस्थ आहेत, ते आजतागायत फक्त त्यांच्या मांजराचे फोटो पाठवतात. मांजर गादीवर झोपलेलं असतं. गादी पाण्यात गेली की नाही, मला माहीत नाही. एका मुलाने विचारलं, तुमची स्वतःची नेहमीची लाट कुठली? मी खरं ते लिहिलं, दत्तामामाकडची. त्याला वाटलं कुठलातरी गुप्त किनारा असणार. लगेच विचारलं, तिथे गर्दी असते का? मी लिहिलं, लाइट असेल तेव्हाच. तो दोन दिवस नकाशात ती जागा शोधत होता. मग मी सगळं नीट सांगितलं, लाइट आली की मोटारी लावायला सगळे शेतात असतात तेही, आणि त्याने दोन गाद्या मागवल्या.

दत्तामामा म्हणजे आईचा भाऊ. त्यांच्या शेतात मोठं शेततळं आहे, कागद आमचाच. माझ्या गाद्यांची परीक्षा तिथे होते. पाणी स्थिर, तेव्हा लाट नाही तर निदान वेग तरी हवा, म्हणून मामांनी ट्रॅक्टर काढला. पलीकडच्या बांधावरून लांब दोर पाण्यात सोडायचा, या काठाला गादीवर झोपलेल्या माणसाने त्याचं टोक धरायचं, ट्रॅक्टरने पलीकडे शेतात सरळ जायचं. माणूस पाण्यावरून सरसर जातो. पलीकडचा काठ येण्याआधी दोर सोडायचा, एवढा एकच नियम. झोपायचे स्वतः मामा, बनियनवर, रंगीत तरंगता कोट घालून. ट्रॅक्टर तेव्हा त्यांचा गडी चालवायचा. मी काठावर उभी राहून बघायचे. गादीचं नाक कुठे बुडतं, शेपटाकडे पाणी कसं फुटतं, मामा कोणत्या खांद्यावर कलतात. सगळं बघायचे आणि घरी येऊन पट्ट्या अर्ध्या बोटाने इकडे-तिकडे करायचे.

मी स्वतः कधी झोपले नाही. पोहता येतं मला. पण मामांच्या तळ्यावर ट्रॅक्टर निघाला की आजूबाजूच्या शेतातली माणसं कामं टाकून बांधावर येऊन बसतात. शेंगा आणतात. चार लोकांसमोर मला उभं राहायला जड जातं, आडवं पडणं लांबच.

सगळं असं चाललं होतं आणि अण्णांनी एका सकाळी टेबलावर हात ठेवला.

ते टेबल म्हणजे दुकानाच्या मागच्या बाजूचं, लांब, सपाट, लोखंडी पत्र्याचं. त्याच्याशिवाय चार नळ्यांचा जोड सरळ येत नाही. आणि उन्हाळ्यात शेततळ्यांची कामं निघाली की त्यांनाही तेच लागतं. गेली दोन वर्षं अण्णा माझ्यासाठी कागदाचे पट्टे अंगणात, उन्हात, गुडघ्यांवर बसून जोडत होते. त्यांची कंबर गेली होती. ते कधी बोलले नव्हते, पण उठताना खांब धरायचे, ते मला दिसायचं.

"मिनू, अक्षय तृतीयेपासून टेबल मला लागंल," ते म्हणाले. "तुझ्या कामाचं काही धड दिसलं तर मागं पत्रे टाकू, दुसरं टेबल करू. नाही दिसलं तर... तू कागद लई चांगला जोडतीस. माझ्यासंगं ये."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विनवलं होतं. मी हो म्हटलं.

त्याच सुमारास कुंदाताईंचा निरोप आला. वेंगुर्ल्याकडच्या एका गावातल्या, शाळेत पी. टी. शिकवून निवृत्त झालेल्या. किनाऱ्यावरच्या मुलींना समुद्रात पोहायला शिकवतात. मुलींना लाटांवर न्यायचंय, पण फळ्या डोक्याला लागतात, म्हणून मऊ गाद्या हव्यात, बऱ्याचशा. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला येतच होत्या, तर येते बघायला. हे काम मिळालं तर अण्णांना जे 'धड' दिसायला हवं होतं ते दिसलं असतं. नाही मिळालं तर मी कागद चांगला जोडते.

मी एक नवी गादी केली. पिवळी. माझ्या हातची ती सगळ्यात चांगली गादी होती. तोंडाने अर्धी हवा भरली, दुमडून बघितली, टोकाला टोक लागलं. टेबलावर ठेवली आणि पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले.

कुंदाताई साठीच्या पुढच्या, काटक, आखूड केस, गळ्यात शिट्टी. देवदर्शनालाही शिट्टी घालून आल्या होत्या. आईसाठी पिशवी आणली होती. कोकम, नारळ आणि कागदात घट्ट बांधलेली सुकी कोळंबी. आमच्या घरी कांदासुद्धा सोमवारी चालत नाही. आईने पुडी उघडली, मिटली, हसली, "लई छान" म्हणाली आणि ती पुडी दोन बोटांत धरून परसातून थेट चाचांच्या घरी पोचवली. चाचांच्या घरी त्या दिवशी सण झाला. आमचं मांजर तिकडेच राहायला गेलं.

दुकानात ताईंनी गादीकडे लांबूनच बघितलं. "रंग बरा आसा," म्हणाल्या. "हात मी पाण्यात लावणार. चल."

मीही हात लावला नाही. इथेच चुकलं. मी स्टँडवर गेले होते आणि चाचा दुकानात होते. त्यांच्या दोस्ताच्या मुलीकडे लांबून पाहुणे येणार, तिच्या आयुष्याचा प्रश्न, आणि टेबलावर वस्तू अशी बसलेल्या भाकरीसारखी पडलेली! त्यांनी जे केलं ते मायेनेच केलं. यावेळी फुटू नये म्हणून बेताने भरली होती. ढोलकीसारखी वाजावी, इतकीच.

रिक्षावाल्याने गादी उचलून टपावर बांधली आणि आम्ही तळ्यावर गेलो. बांधावर माणसं होतीच. मामांच्या सासुरवाडीचे लोक धर्मापुरीहून आले होते, तेही सतरंजी टाकून बसले होते. अण्णा चाचांच्या स्कूटरवर मागे बसून आले. मामांनी बनियन ठीक केलं आणि तरंगता कोट चढवायला घेतला.

शिट्टी वाजली.

"तुम्ही कोण?" कुंदाताईंनी विचारलं.

"मी मामा."

"गादी कोणी केली?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं. ताईंनी कोट त्यांच्या अंगातून काढून माझ्या अंगात घातला आणि बंद आवळले, जसं शाळेत बाईंनी टाय आवळावा. "माझ्या पोरी हिच्यावर झोपणार. जी करते तिने आधी झोपायचं. घाबरतंस काय गो?"

मी पाण्याला घाबरत नव्हते. मला शेंगांच्या टरफलांचा आवाज थांबलेला ऐकू येत होता. सगळा बांध माझ्याकडे बघत होता. अण्णा बघत होते, एक हात कमरेवर.

मी आडवी झाले. आडवी झाल्याबरोबर कळलं. खाली गादी नव्हती, दगड होता. म्हटलं, थांबा. पण माझं "थांबा" माझ्याच मापाचं, चार हातांपलीकडे जात नाही. मामा ट्रॅक्टरवर बसले होते आणि कुंदाताईंनी शिट्टी मारली.

तळं कसं पार झालं ते मला आठवत नाही. पाण्याला मी लागलेच नाही बहुतेक. पलीकडचा काठ माझ्याकडे फार आनंदाने आला. "दोर सोड!" सगळे ओरडत होते. "सोड गं दोर!" घाबरल्यावर माणूस हातातलं सोडत नाही, आवळतो. ओला कागद, त्यावर ओली गादी, आणि उतार अण्णांनी स्वतः अंथरलेला, कुठे एक सुरकुती नाही. मी त्या उतारावरून वर गेले, बांधावरून वर गेले, आणि मग नुसतीच वर गेले.

वरून मला आमचं शिवार दिसलं. धर्मापुरीचे पाहुणे दिसले, सगळ्यांची तोंडं वर. मग मामांची कडब्याची गंजी आली.

गंजीतून मला बाहेर काढलं तेव्हा बांधावर टाळ्या चालू होत्या. "अजून एकदा!" कुणीतरी ओरडलं. केसांत कडबा, कोटात कडबा. एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं, "परत कधी उडनार हाय?" अण्णा धापा टाकत आले, माझे हातपाय चाचपून बघितले आणि कमरेवर हात ठेवून मागे सरले. मला वाटलं, संपलं. टेबल गेलं. आणि तेही एवढ्या लोकांसमोर.

कुंदाताई गादीजवळ उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी अंगठ्याने ती दाबली. अगदी चाचा टायर दाबतात तशी.

"हिच्यात हवा कोणी भरली?"

"मी," चाचा पुढे झाले. छाती काढून. "फुल्ल! एक नंबर!"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? चाचांना लोकांसमोर चूक म्हणायचं? ज्यांच्या चकतीवर माझी झडप उभी आहे, त्यांना? सगळे माझ्याकडे बघत होते. पण आत्ताच मी या लोकांसमोर उडून गंजीत पडले होते. यापेक्षा जास्त लाज शिल्लकच नव्हती, आणि ती संपल्यावर फार हलकं वाटतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"हवा जास्त आहे," मी म्हणाले. मोठ्याने. बांधावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं असावं, कारण त्याने मान वळवली. "चाचा, तुमचं चाक रस्त्यावर चालतं. रस्ता हलत नाही. पाणी हलतं. गादी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. मी करून दाखवते."

गादी तिथेच आडवी पाडून मी झडप उघडली. फुस्स करून हवा निघाली आणि चाचांनी मान दुसरीकडे फिरवली. त्यांना ते बघवेना. कुणाच्या अंगावरचे दागिने उतरवावेत, तसा चेहरा झाला त्यांचा. मी दुमडून बघितली. टोकाला टोक लागलं.

दुसऱ्यांदा झोपले तेव्हा ती छातीखाली बसली, जशी मी मनात काढली होती तशी. मामांनी ट्रॅक्टर हळू सोडला. गादीच्या पोटाखालून पाणी जाताना मला बरगड्यांत कळत होतं. डावा कोपरा दाबला. ती वळली. उजवा दाबला, वळली. एवढे दिवस मी हे काठावरून बघत होते आणि मला वाटायचं मला कळतंय. मध्ये आल्यावर दोर सोडला. गादी आपली आपण पुढे गेली, काठाच्या कागदाला नाक लावून, तव्यावर भाकरी टाकावी तशी पसरून थांबली.

बांधावर शेंगांची टरफलं पुन्हा वाजायला लागली.

"उडली न्हाई," कुणीतरी म्हणालं.

"बिघडली का काय?"

"पयली चांगली व्हती राव."

पाहुण्यांनी सतरंजी झटकली. लोक कामाला निघाले. रिकाम्या बांधावर कुंदाताई एकट्या टाळ्या वाजवत होत्या. "ह्या बेस्ट," म्हणाल्या. "एकदम कंटाळवाणी. माझ्या पोरींना अशीच होयी." आणि ती पिवळी गादी, कडब्याच्या काडीसकट, घडी घालून त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकली. बाकीच्या करायच्या, पण एका अटीवर. पहिली तयार झाली की मी ती घेऊन तिकडे यायचं आणि खऱ्या लाटेवर त्यांच्या पोरींसमोर झोपायचं.

मी जाऊन आले. समुद्राबद्दल लिहीत नाही, सगळ्यांनी पाहिलेला असतो. लाट येण्याआधी मी सवयीने ट्रॅक्टरच्या आवाजाची वाट बघत होते, एवढंच सांगते.

पण त्या दिवशी, तळ्यावरून परतल्यावर, चाचांनी कुणाचा टायर दाबला नाही. दुकानात येऊन शटर अर्धं ओढून बसले. कोळंबीचं कालवण झालंय म्हणून घरून निरोप आला, तरी उठले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. एवढ्या लोकांऐवजी हे मी त्यांना एकट्याला, कधीच, ठामपणे सांगायला हवं होतं. मी चहा घेऊन गेले. त्यांनी घेतला. "बेटा, चूक आसंल माझी," म्हणाले. "पन हाताला पटत न्हाई."

अण्णा टेबलाचं काही बोलले नाहीत. मला विचारायचं धाडस झालं नाही.

अक्षय तृतीयेला सकाळी आम्ही दुकानाच्या गादीची पूजा करतो. गादी म्हणजे खरोखरची, अण्णा बसतात ती, आजोबांच्या वेळची कापसाची, पांढरी खोळ घातलेली. तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. फुलं घेऊन मी गेले तर अण्णा आधीच बसले होते, आणि ते किंचित डुलत होते. खोळीच्या कोपऱ्यातून निळं कापड आणि चाचांची गोल चकती दिसत होती. पूर्वी मी टाकून दिलेली, पट्टी तिरकी गेलेली गादी होती ती. कापसाची गादी माळ्यावर गेली होती. मागे अंगणात पत्रे येऊन पडले होते, आणि माझं टेबल होतं तिथेच होतं.

"कंबर?" मी विचारलं.

"बरी हाय," अण्णा म्हणाले आणि डावीकडे कलले. गादी उजवीकडे फुगली. ते पुन्हा सरळ झाले. जरा हसले.

तेवढ्यात सलीमचाचा मिठाई घ्यायला आले. पेढा तोंडात टाकला, अण्णांकडे बघितलं, खाली बघितलं, आणि हात आपोआप पुढे गेला. अंगठ्याने दाबली.

"हवा कमी हाय बे अण्णा," ते म्हणाले. "भरून दिऊ?"

अण्णांनी खोळ नीट केली.

"नगं बे," म्हणाले. "एवढीच लागती."